पीपीत झाडाचा तंतू घालताय? या चुका टाळा

"पीपीला ड्रायर कशाला?" नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या, प्लास्टिक वितळवून साच्यात भरणाऱ्या मोल्डिंग शेडमध्ये हे हमखास ऐकू येतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक, ड्रायर म्हणजे त्याचे दाणे वाळवायचं यंत्र. साध्या पीपीपुरतं ते खरंच आहे, ते पाणी धरत नाही. पण त्यात लाकडाचा, तागाचा किंवा उसाच्या चिपाडाचा तंतू आला की हिशोब बदलतो. मोकळा तंतू हवेतूनच 6 ते 10 टक्के ओल सहज ओढतो. आणि 1 ग्रॅम पाण्याची वाफ साध्या दाबाला दीड लिटरहून जास्त जागा मागते!

आमचं एक पोतं ऐन जुलैत उघडं राहिलं. पार्टवर चांदीसारख्या रेघा, कापला तर आत बुडबुडे. दोन दिवस आम्ही बॅरलचं (दाणे वितळवणाऱ्या नळीचं) तापमान वर-खाली करत बसलो, ओल कुणाच्या डोक्यातच आली नाही. आता पोतं उघडलं की 100 ग्रॅम दाणे बारीक काट्यावर मोजतो आणि वजन घटायचं थांबेपर्यंत 105 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतो. 99.5 भरले, तर अर्धा टक्का पाणी होतं. 0.2 टक्क्यांच्या वर असेल तर माल आधी ड्रायरमध्ये, मग हॉपरमध्ये (मशीनवरच्या दाणे ओतायच्या भांड्यात).

दुसरी खोड म्हणजे साचा भरत नाही म्हणून तापमान चढवणं. 200 अंशांच्या पुढे तंतू तपकिरी पडू लागतो, करपलेल्या काकवीसारखा वास सुटतो. त्यापेक्षा गेट, म्हणजे साच्यात माल शिरायचं तोंड, मोठा करा. बारीक गेटमधून माल घासत जातो, तिथेही तो तापतोच. 260 अंशांच्या आसपास वितळणाऱ्या नायलॉन 66 मध्ये झाडाचा तंतू घालायचा प्रयोग नवख्याने करूच नये.

पार्ट ठिसूळ निघतोय? तोडून भिंगाखाली बघा. तंतू उघडे, लांब उपसून आलेले आणि शेजारी रिकामी भोकं दिसली, तर पीपीने तंतूला धरलेलंच नाही. तंतूला पाणी आवडतं, पीपीला नाही. दोघांना जोडायला मलेइक अनहायड्राइड लावलेलं पीपी साधारण 2 ते 5 टक्के लागतं. पैसे वाचवायला नेमकं हेच गाळलं जातं. तंतू भेगेलगतच तुटलेले असतील तर पकड ठीक आहे. मग स्क्रूचा (बॅरलमध्ये माल ढकलणाऱ्या मळसूत्राचा) वेग आणि बॅक प्रेशर (स्क्रू मागे सरकताना त्याला होणारा विरोध) कमी करून बघा, तंतूंचा भुगा होत असेल.

आणि जेवणाच्या सुट्टीत बॅरल भरलेला ठेवू नका, आतला तंतू करपतो. साधं पीपी घालून तो आधी साफ करून घ्या.