गाडीची जुनी म्युझिक सिस्टीम विकायचीय? आधी वाजवून दाखवा, मग भाव सांगा

नवीन टचस्क्रीन बसवला किंवा गाडीच विकायला काढली की जुना स्टीरिओ, ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर), वूफर (बेसचा मोठा स्पीकर) हे सगळं घरात येऊन पडतं आणि अक्सेसरीजवाला म्हणतो आता हे कोण घेतंय, नवीनमध्ये थोडे कमी करतो, की आपण देऊन मोकळे. असं करू नका. चांगल्या कंपनीच्या ॲम्पला आणि सबवूफरला आजही गिऱ्हाईक आहे, घेणाऱ्याला भीती एकच असते की घरी नेल्यावर वाजलंच नाही तर काय. ती भीती तुम्ही घालवलीत की घासाघीस निम्म्याने कमी होते.

म्हणून काहीही खोलायच्या आधी, सगळं गाडीत बसवलेलं असतानाच व्हिडिओ काढा, आणि तो एकाच शॉटमध्ये, मध्ये कट नको. आधी ॲम्पचं स्टिकर आणि सिरियल नंबर दाखवा, मग गाणं लावा आणि स्टीरिओच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे, मग पुढे, मग मागे न्या, म्हणजे चारही चॅनल (पुढच्या-मागच्या स्पीकरच्या वेगवेगळ्या लाइनी) चालू आहेत हे ऐकणाऱ्याला कळतं. शेवटी गाणं बंद करून व्हॉल्यूम थोडा वाढवा, हिस किंवा घरघर नाही हेही दिसू दे. बॉक्सवर १००० वॅट लिहिलंय म्हणून तेच टाकू नका, तो पीक, म्हणजे क्षणभराचा आकडा असतो, जाणकार माणूस आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी पॉवर विचारतो, तो स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळतो.

आता काढायचं. १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी सोडवा. ॲम्पची जाड वायर थेट बॅटरीवरून येते, चावी काढली तरी तिच्यात करंट असतो आणि टोक बॉडीला टेकलं तर ठिणगी उडते, केबल जळू शकते. ॲम्प काढून वायर गाडीतच ठेवणार असाल तर बॅटरीजवळचा तिचा फ्यूज काढून टाका आणि डिकीतल्या टोकाला चांगली टेप गुंडाळा. बॅटरी सोडवायच्या आधी अजून एक, काही होंडा, स्कोडा, फोक्सवॅगनचे कंपनी फिटेड स्टीरिओ बॅटरी काढली की कोड मागतात, तो मॅन्युअलच्या पाउचमध्ये आहे का बघून घ्या, कोडशिवाय तो स्टीरिओ कोणी घेत नाही.

आणि स्टीरिओच्या मागचा कपलर (वायरींचा प्लग) कुणालाही कापू देऊ नका!! गॅरेजमध्ये घाईत कटर लावतात, आणि कापलेल्या वायरी फोटोत दिसल्या की समोरचा लगेच भाव पाडतो. कपलर, फ्रेम, माईक, जीपीएसचा अँटेना, रिमोट, स्टीरिओ काढायच्या पट्ट्या, बिल, सगळं एका पिशवीत ठेवा.

आधीच काढून माळ्यावर पडलेलं असेल तर घरीही चेक करता येतं. १२ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय) घ्या, स्टीरिओची पिवळी आणि लाल वायर एकत्र करून प्लसला, काळी मायनसला, स्पीकर पांढऱ्या आणि पांढऱ्या-काळ्या पट्टीच्या वायरला. हे रंग बाहेरून बसवलेल्या बहुतेक स्टीरिओंना लागू पडतात, कंपनी फिटेडला रंग वेगळे असू शकतात. स्पीकरचं मायनस ग्राउंडला जोडायचं नाही, स्टीरिओचा आयसी (आतली चिप) जाऊ शकतो. सुटा स्पीकर मल्टीमीटरने बघा, ४ ओमवाला साधारण ३ ते ४ च्या मध्ये दाखवतो, शून्याजवळ दाखवला तर कॉइल शॉर्ट, काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली. डबल कॉइलचा वूफर असेल तर दोन्ही कॉइल वेगवेगळ्या मोजा. कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा, हळू दाबा, आत घासल्यासारखी खरखर आली तर तसं जाहिरातीत लिहून टाका. जुन्या वूफरच्या कडेचा फोम आपल्या दमट हवेत भुगा होतो, तोही जवळून फोटो काढून दाखवा. दोष आधी सांगितलेला माल कमी पैशात का होईना जातो, लपवलेला परत येतो.

अँड्रॉइड स्टीरिओ असेल तर आधी गूगल अकाउंट काढा आणि मग फॅक्टरी रिसेट मारा. हे लोक हमखास विसरतात, आणि त्यात तुमचे कॉन्टॅक्ट, मॅपमधला घरचा पत्ता असं सगळं राहतं.

जाहिरातीत नुसतं "कार म्युझिक सिस्टीम विकणे आहे" लिहिलं तर सर्चमध्ये सापडत नाही. कंपनी, मॉडेल नंबर, किती चॅनल, आरएमएस, शहर एवढं टायटलमध्येच टाका. स्टीरिओ सिंगल डिन (१८० बाय ५० मिमी) की डबल डिन (१८० बाय १०० मिमी) हे लिहा, आणि ९ इंची स्क्रीन असेल तर कुठल्या गाडीतून काढलाय तेही, कारण त्याची फ्रेम प्रत्येक गाडीला वेगळी लागते. भावासाठी आधी तोच मॉडेल आज नवीन केवढ्याला मिळतोय ते बघा. साध्या अँड्रॉइड स्टीरिओचा भाव झपाट्याने पडतो, नामांकित ॲम्प बराच काळ टिकून राहतो. माझं मत विचाराल तर पूर्ण सेट एकत्र विकू नका, वूफर आणि त्याचा मोनो (एकाच चॅनलचा) ॲम्प जोडीने द्या, बाकी सुटं, पैसे जास्त येतात.

पैशांच्या बाबतीत कडक राहा. "मी आर्मीत आहे, बदली झालीय, माल न बघताच घेतो, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा" असा फोन आला की तिथेच थांबा. पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही, पिन पैसे द्यायला लागतो. स्क्रीनशॉट आणि मेसेजवर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या बँक ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच माल हातात द्या. फसलातच तर ताबडतोब १९३० ला फोन लावा.

समोरच्याला सोसायटीच्या गेटवर बोलवा, सिक्युरिटी केबिनमध्ये प्लग असतो, एसएमपीएस लावून तिथेच वाजवून द्या. लांबचं गिऱ्हाईक असेल तर वूफरच्या कोनवर जाड पुठ्ठा बांधून मगच पॅक करा, लाकडी बॉक्स मात्र कुरियरने पाठवायच्या भानगडीत पडू नका, तो गावातच विका. मी दोन दिवसांची टेस्टिंग देतो, सिरियल नंबरचा फोटो दोघांच्या व्हॉट्सॲपवर राहतो म्हणजे परत आलेला ॲम्प आपलाच आहे का ते कळतं, आणि ते दोन दिवस झाले की जाहिरात काढून टाकतो.