मूल सतत आजारी पडतंय? या चुका टाळा

मोठी मुलगी अडीच वर्षांची असताना जूनमध्ये पाळणाघरात जायला लागली. पहिल्या पावसाबरोबर नाक जे वाहायला लागलं, ते दिवाळीपर्यंत थांबलंच नाही. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, हिची प्रतिकारशक्तीच कमी आहे का? तसं काहीच नव्हतं. पाळणाघरात किंवा बालवाडीत नव्याने जाणाऱ्या मुलाला वर्षातून ८-१० वेळा सर्दी-ताप होतो, आणि एकेक खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. हे मला माहीत नव्हतं, म्हणून सहा महिन्यांत मी तीन डॉक्टर बदलले. प्रत्येक नव्या डॉक्टरांपुढे सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि मागच्या वेळी कोणतं औषध दिलं होतं ते मलाच आठवायचं नाही. एकच डॉक्टर धरून राहा. मूल त्यांच्या ओळखीचं असणं हा निम्मा उपचार आहे.

ड्रॉप्स आणि सिरप एकच समजू नका

ही चूक मी करता करता वाचले, म्हणून जरा सविस्तर सांगते. धाकटा ११ महिन्यांचा होता. रात्री दोन वाजता अंग चटका बसावा इतकं तापलेलं, दिवे गेलेले. मोबाइलच्या उजेडात मी बाटली उघडली. डोक्यात होतं '६ मिली', पण ती मात्रा सिरपची, आणि हातात होते ड्रॉप्स. नवऱ्याने लेबल वाचलं म्हणून हात थांबला.

तापाचं औषध, म्हणजे पॅरासिटामॉल, वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅम. त्या रात्री मी चौपट डोस दिला असता, आणि जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृतावर घाला घालतं. मात्रा वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, मध्ये निदान चार तास, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. डॉक्टरांकडून तुमच्याच बाटलीचे 'इतके मिली' लिहून घ्या. घरातला चमचा बाजूला ठेवा, मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा.

दुहेरी डोसही असाच नकळत जातो. आजी सहाला देते, आई ऑफिसातून येऊन सातला. सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, ते वेगळंच. आमच्याकडे फ्रिजला दोरीने बांधलेली एक वही आहे. वेळ, ताप, औषध, किती मिली, कुणी दिलं. औषध देणाऱ्याने आधी तिथे लिहायचं, मग बाटली उघडायची.

थर्मामीटरकडेच बघत बसू नका

१०२ ताप असूनही डोस दिल्यावर खेळणारं मूल आणि १०० वर मलूल पडून पाणीही न पिणारं मूल, यांत दुसऱ्याची काळजी जास्त. तीन महिन्यांखालच्या बाळाला मात्र १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. गोधड्यांत गुंडाळू नका, बर्फाच्या पट्ट्याही नकोत. आणि पावसाळ्यात ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरतानाच असतो. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची मरगळ दिसली तर थेट रुग्णालय गाठा.

खोकल्याची बाटली

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष असलेल्या खोकल्याच्या सिरपने कितीतरी मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. ती बातमी वाचून मला रात्रभर झोप आली नाही. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्टच सांगितलं: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं नकोत, पाचपर्यंतही शक्यतो नकोत. वर्ष झालेल्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चालतो. वर्षाच्या आत मधाचं बोटही नको, बाळगुटीतही नाही. नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. धुरी आणि कापूर टाळा. उकळत्या पातेल्याची वाफ तर नकोच, पातेलं कलंडून मुलं भाजतात.

मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक पुन्हा देऊ नका. पाणी घालून कालवलेली बाटली सहसा आठवडाभरच टिकते, आणि साध्या विषाणूच्या सर्दीवर तिचा उपयोगही नाही.

ओआरएसची पुडी चिमटीने

जुलाबात घरोघरी हेच होतं: ग्लासभर पाण्यात पुडीतली चिमूटभर पूड, उरलेली 'नंतर'. १ लिटरची पुडी अख्खी १ लिटर पाण्यात घाला, २०० मिलीची असेल तर २०० मिलीत. २४ तासांनी उरलेलं ओता. डब्यातली गोड पेयं हा ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हा शब्द छापायला मनाई केली, ती याच फसगतीमुळे. सोबत डॉक्टरांनी दिलेलं झिंक १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरी. मऊ भात, ताक, केळं चालू ठेवा, अंगावरचं दूध तर नक्कीच.

छाती भरलीय, पण मोजलं का?

घरघर आवाजाने आपण घाबरतो आणि श्वास मोजायचा राहून जातो. मूल शांत असताना पोटावरून कपडा बाजूला करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. २ ते १२ महिन्यांच्या बाळात ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. ओठ निळे पडले तर १०८ ला फोन करा.

वर्षातून दोनदा न्यूमोनिया, दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला आणि सोबत घटणारं वजन, घरात क्षयाचा रुग्ण, किंवा प्रत्येक सर्दीला धाप, यांपैकी काहीही असेल तर 'पाळणाघराचं असेल' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांनी पंप सांगितला तर सवय लागेल या भीतीने तो टाळू नका, बालदम्यात औषध थेट फुप्फुसात पोचवायचा तोच चांगला मार्ग आहे. आणि दर महिन्याला वजन करा, शक्यतो एकाच काट्यावर. अंगणवाडीचा काटा चालतो. तो आकडाही वहीत लिहा.