आधी हिस्टोग्राम बघा

इमेज प्रोसेसिंग शिकायचंय म्हटलं की कुणीतरी लगेच न्यूरल नेटवर्कचा कोर्स सुचवतं. तो काही दिवस राहू द्या. मी शिकलो ते आजोबांच्या ट्रंकेतल्या एका मोडी कागदावर. फोनने फोटो काढून शाई काळी आणि कागद पांढरा करायचा, एवढंच काम. दोन तासांचं वाटलं, दोन महिने पुरलं.

पहिली फजिती बेरजेची. फोटो अंधारा, म्हणून नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाच्या आकड्याला, ५० मिळवले, तर कागदाचा उजळ भागच काळा पडला! आठ बिटांचा पिक्सेल ० (काळा) ते २५५ (पांढरा) एवढंच धरतो. २३० अधिक ५० केले की पुन्हा शून्यापासून मोजत २४ वर येतो. ओपनसीव्ही या इमेज प्रोसेसिंगच्या लायब्ररीचं बेरजेचं फंक्शन मात्र २५५ वर थांबतं.

मग काळं-पांढरं वेगळं करायला ओत्सू या संशोधकाची १९७९ची पद्धत. शाई आणि कागद हे दोन गट एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे पडतील असा उंबरठा, म्हणजे ज्याच्या खालचं काळं आणि वरचं पांढरं करायचं तो आकडा, ती स्वतः शोधते. माझ्या फोटोवर माझ्याच हाताची सावली होती. सावलीतला कागद उजेडातल्या शाईइतका गडद, मग एकच उंबरठा लागू पडणार कसा? आठवडाभर आकडे बदलत बसलो. हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख, काढला असता तर मिनिटात कळलं असतं: दोन टेकड्यांऐवजी एकच पसरट माळ होता.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक पिक्सेल आजूबाजूच्या चौकोनाच्या सरासरीशी ताडून बघायचा. चौकोन लेखणीच्या फराट्यापेक्षा बराच मोठा घ्या, नाहीतर जाड अक्षरं आतून पोकळ होतात.

ठिपके घालवायला मीडियन फिल्टर. ३×३ मधले नऊ आकडे चढत्या क्रमाने लावून पाचवा उचलायचा. मी हावरटपणे ५×५ घेतला आणि शिरोरेघच गेली. मोडीत ओळभर रेघ आधी ओढून मग अक्षरं लिहीत; ती बारीक असते, फिल्टरला कचराच वाटली.

हे सगळं एकदा तयार फंक्शनशिवाय, साध्या लूपमध्ये लिहून बघा. कडा शोधणारा सोबेल फिल्टरही तसाच. चित्र लहरींमध्ये मोडणारं फूरियर नंतर, घाई नाही. आणि काळा-पांढरा निकाल जेपेगमध्ये साठवू नका, अक्षरांच्या कडेला करडी घाण येते, पीएनजी वापरा.

शेवटी तो कागद खिडकीशी नेऊन, सावली न पाडता पुन्हा फोटो काढला. ओत्सू पहिल्या फटक्यात चालला.