सर्वेक्षणातील जन्मनोंदणीचा आकडा कसा पारखावा

एखाद्या देशाचा जन्मनोंदणीचा टक्का उद्धृत करण्यापूर्वी मूळ प्रश्नावली उघडून प्रश्न नेमका काय होता ते वाचावे. युनिसेफच्या ‘मिक्स’ या घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या सर्वेक्षणांत बाळाचा जन्मदाखला आहे का हे आधी विचारतात आणि शक्य तर तो पाहतात. दाखला नसेल तर जन्म शासकीय यंत्रणेकडे नोंदवला होता का, हे विचारतात. हे दुसरे उत्तर केवळ आईच्या किंवा बाळ सांभाळणाऱ्याच्या सांगण्यावर टिकलेले असते, आणि रुग्णालयाचे कार्ड, लसीकरणाचे कार्ड किंवा बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजेच नोंदणी असा त्यांचा प्रामाणिक समज असू शकतो. म्हणून प्रत्यक्ष पाहिलेले दाखले, न पाहिलेले दाखले आणि नुसते सांगणे हे तीन भाग वेगळे मांडावेत. माझ्या मते देशादेशांतील तुलनेत पहिल्यालाच सर्वाधिक वजन द्यावे.

त्यानंतर वयोगट पाहावा. भारताच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील (२०१९-२१) ८९ टक्के हा आकडा पाच वर्षांखालील हयात मुलांचा आहे. जन्मून दगावलेली बाळे, ज्यांची नोंद बहुधा राहूनच जाते, त्यात येत नाहीत. उशिरा झालेल्या नोंदीही त्यात मिसळतात, त्यामुळे जन्म नोंदवण्याच्या २१ दिवसांच्या कायदेशीर मुदतीत किती नोंदी झाल्या हे त्यावरून ठरवू नये.