पर्यावरणपूरक सवयींचा संकल्प: एका वेळी एकच

पर्यावरणपूरक राहणीचा संकल्प करताना दहा गोष्टी एकदम हाती घेऊ नयेत. एकच सवय निवडून ती रोजच्या ठरलेल्या कृतीला जोडावी. उदाहरणार्थ, आणलेले सामान काढून झाले की रिकामी कापडी पिशवी लगेच दाराच्या कडीला अडकवावी, म्हणजे पुढच्या वेळी बाहेर पडताना ती आपसूक हाताला लागते. (पिशव्या घरात ढीगभर असतात, हवी तेव्हा सापडत नाही, ही खरी अडचण.) मुदत मात्र महिनाभराचीच ठेवू नये. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी केलेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले, आणि एखाद्या दिवसाच्या खाड्याने फारसे बिघडत नाही, असेही दिसले. त्यामुळे खाडा झाल्यास संकल्प मोडला असे न मानता दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवावे.