व्हेस्ट पॉकेट कोडॅकची लेन्स मिररलेसवर लावताय? या चुका टाळा

ही जुनी लेन्स लोक सॉफ्ट फोकससाठी मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावतात. आधी एक गोष्ट क्लिअर करू. सॉफ्ट फोकस म्हणजे हललेला किंवा फोकस चुकलेला फोटो नाही, खाली पापण्या दिसतील इतकी शार्प इमेज असते आणि तिच्यावर उजेडाची साय धरलेली असते. हे दोन्ही एकत्र मिळायला हवं.

व्हेस्ट पॉकेट कोडॅक हा १९१२ चा घडीचा कॅमेरा. साध्या मॉडेलमधे दोन काचा चिकटवलेली एकच मेनिस्कस (एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने खोलगट) लेन्स, तिच्या कडेने येणारा प्रकाश मधल्या प्रकाशाच्या जागी फोकस होत नाही म्हणून पुढे बारीक भोकाची टोपी लावून ती एफ ११ वर बांधलेली (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान). जपानी फोटोग्राफर्सनी ही टोपीच काढली, लेन्स साधारण एफ ६.८ ला उघडली आणि तो ग्लो, म्हणजे ती उजेडाची साय मिळाली. त्यामुळे अ‍ॅनास्टिग्मॅट लिहिलेलं मॉडेल घेऊ नका, त्यात कडेच्या प्रकाशाचा हा दोष सुधारलेला असतो. बुरशी लागलेली काचही नको, त्याने फक्त कॉन्ट्रास्ट मरतो.

लेन्स सेन्सरपासून साधारण ७ ते ८ सेंमी लांब लागते, म्हणून एम४२ हेलिकॉइड (४२ मिमी आट्यांची, फिरवून लेन्स पुढे-मागे करणारी नळी) आणि एक्स्टेन्शन ट्यूब (अंतर वाढवणाऱ्या पोकळ नळ्या) लावायच्या. काच चिकटवायला सुपरग्लू अजिबात नको! मी वापरला, दोन दिवसांत त्याच्या वाफेने काचेवर पांढरट थर आला. आणि लेन्स काढताना कुठली बाजू पुढे होती त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, उलटी बसली तर कडा पार बिघडतात.

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात: फोटो धुरकट येतो आणि त्यालाच सॉफ्ट फोकस समजतात. ही लेन्स ४ × ६.५ सेंमीच्या निगेटिव्हसाठी केलेली, सेन्सर त्यापेक्षा खूप लहान, उरलेला उजेड ट्यूबच्या चकचकीत भिंतींवर आपटून सेन्सरवर येतो. आतून काळं मखमली कापड लावा, पुढे हूड (बाजूचा उजेड अडवणारी कड) लावा, फरक लगेच दिसेल.

शटरच पडत नसेल तर मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करा. फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) विसंबू नका, झूम करून डोळा बघा. ग्लो कमी करायला पुढे भोकाचा काळा कागद लावणार असाल तर तो लावूनच फोकस करा, भोक बदललं की फोकसही सरकतो.

आणि ढगाळ दुपारी भिंतीवर टेस्ट करून लेन्स बेकार ठरवू नका, केसांमागून येणारं ऊन, पाण्यावरची चमक, पांढरी फुलं यांच्यावर ती खुलते, फक्त एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).