शिक्षणशास्त्रातील संशोधन स्पर्धेत कसे मांडावे?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील बी.एड., एम.एड.च्या विद्यार्थ्यांना आपले संशोधन बाहेर मांडण्याची मोठी संधी मिळते ती ‘आविष्कार’मध्ये. २००६ पासून चालू असलेल्या या आंतरविद्यापीठीय संमेलनात आधी भित्तिपत्रक आणि त्यातून निवड झाल्यास तोंडी सादरीकरण, असा साधारण क्रम असतो. ज्या वर्षी भाग घ्यायचा, त्या वर्षीचे नियमपत्रक प्रथम वाचावे.

खरा वेळ द्यावा तो प्रश्न ठरवण्याला. ‘ग्रामीण विद्यार्थ्यांच्या भाषिक समस्या’ असा विषय घेतला, की ‘कोणत्या समस्या?’ या परीक्षकांच्या पहिल्याच प्रश्नाला अडखळायला होते. त्यापेक्षा आंतरवासितेतील, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावकाळातील, आपल्या वर्गाकडे पाहावे. समजा, मालवणजवळच्या एका वाडीतील शाळेत तिसरीचा पट १४ आहे आणि चित्रवर्णन लिहिताना काही मुले ‘घोडा’ऐवजी ‘घोडो’ लिहितात. वहीत त्यावर लाल फुली पडलेली असते. अशा चुकांतील घरच्या मालवणीचा ठसा कोणता आणि लेखननियमांची चूक कोणती, हे वेगळे काढणे हा एका विद्यार्थ्याला पेलणारा प्रश्न आहे.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि मुलांच्या नावांऐवजी क्रमांक वापरावेत. या चुका कमी करण्यासाठी एखादा उपक्रम घेणार असाल, तर पूर्वचाचणी, उपक्रम आणि उत्तरचाचणी यांच्या तारखा ठरवताना पावसाचाही विचार करावा, कारण पऱ्ह्याला (छोट्या ओढ्याला) पाणी आले की पलीकडची मुले शाळेत पोहोचत नाहीत आणि दोन्ही चाचण्यांना बसलेली मुले वेगवेगळी ठरतात. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर सुधारणा केवळ आपल्या उपक्रमामुळे झाली असा दावा करू नये. ती मर्यादा स्वतःच लिहावी.

भित्तिपत्रकावर समस्या, उद्दिष्टे, न्यादर्श (अभ्यासासाठी निवडलेली मुले), पद्धती, निष्कर्ष आणि मर्यादा एवढे पुरे. वर्ग १४ मुलांचा असताना ‘६४.२९ टक्के मुलांत सुधारणा’ असे छापणे मला तरी हास्यास्पद वाटते. ‘१४ पैकी ९’ लिहावे. नाव झाकलेल्या वहीतील एका ओळीचे छायाचित्र मात्र जरूर लावावे, कारण परीक्षक तिथे थांबतात.

बोलण्याच्या सरावासाठी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘थ्री मिनिट थीसिस’ स्पर्धेचा नियम उपयोगी पडतो : एकच स्थिर स्लाइड आणि तीन मिनिटे. घड्याळ लावून, शिक्षणशास्त्र न शिकलेल्या घरच्या माणसासमोर बोलून पाहावे. ‘हीच चाचणी का निवडली?’ आणि ‘मालवणी बोलणाऱ्या मुलाला गुण कसे दिले?’ यांची उत्तरे तयार ठेवावीत. माहीत नसेल तेथे तसे सांगावे.

जाड कागदाचे भित्तिपत्रक किनाऱ्यावरच्या दमट हवेत कडांना वळते. त्यामुळे चालत असल्यास फ्लेक्स छापून घ्यावा आणि एसटीच्या गर्दीत चुरगळू नये म्हणून पीव्हीसी पाइपात गुंडाळून न्यावा.